भांबुर्डे : मुठेच्या डाव्या तीरावरचे गाव

पुण्याच्या कसबा पेठेसमोर, मुठा नदीच्या डाव्या तीरावर भांबुर्डे नावाचे गाव होते. आज त्याला शिवाजीनगर म्हणतात. पुणे महानगरपालिकेची मुख्य इमारत, जिल्हा न्यायालय, अभियांत्रिकी महाविद्यालय, शेतकी महाविद्यालय, फर्ग्युसन महाविद्यालय, बालगंधर्व रंगमंदिर आणि रेल्वेचे शिवाजीनगर स्थानक या एकाच गावाच्या शिवारात आहेत. पुण्याने आजवर अनेक गावे पोटात घेतली. एरंडवणे, कोथरूड, हिंगणे, हडपसर, औंध ही त्यांतली ठळक नावे. पण या विस्ताराची सुरुवात ज्या गावांपासून झाली त्यांत भांबुर्डे पहिल्या रांगेतले, आणि शहर गाव कसे गिळते हे समजून घ्यायला याच्याइतके उघड उदाहरण पुण्यात दुसरे नाही.

गावाची जागा नदीने आणि टेकड्यांनी ठरवलेली आहे. सह्याद्रीतून निघालेली मुठा खडकवासल्यावरून ईशान्येकडे वाहत येते. पुण्याजवळ तिच्या उजव्या हाताला जुने शहर आणि डाव्या हाताला आधी एरंडवणे व मग भांबुर्डे लागते. भांबुर्ड्याच्या पुढे थोड्याच अंतरावर मुठा मुळेला मिळते. ती जागा म्हणजे संगम. त्यामुळे गावाला पूर्वेकडून मुठेची आणि उत्तरेकडून मुळेची नैसर्गिक सीमा मिळाली. पश्चिमेला हनुमान टेकडी, वेताळ टेकडी आणि चतुःशृंगीचा डोंगर. वायव्येला गणेशखिंड, आणि तिच्यातून औंधकडे जाणारी वाट. नदीकाठची जमीन खोल मातीची होती. टेकड्यांकडे जावे तसा माळ मुरमाड होत जाई आणि शेवटी काळा पाषाण उघडा पडे. गावठाण नदीपासून फार दूर नव्हते, पण पुराचे पाणी सहसा चढणार नाही इतक्या उंचीवर होते. नदीकाठच्या बहुतेक जुन्या गावांनी हीच काळजी घेतलेली दिसते.

शनिवारवाड्यापासून भांबुर्ड्याचे गावठाण पायी अगदी जवळ. तरीही पेशवाईचा सारा वैभवाचा काळ सरला तरी ते गावच राहिले. याचे कारण मुठा. अठराव्या शतकात पुण्यात पेठांमागून पेठा वसल्या, त्या सगळ्या नदीच्या उजव्या तीरावर, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे. नदी उन्हाळ्यात पायउतार होई, पण पावसाळ्यात दोन्ही काठांचा संबंध तुटल्यासारखा होई. पानिपतच्या सुमारास बांधलेला लकडी पूल बराच काळ शहराला पश्चिम तीराशी जोडणारा मुख्य दुवा होता, आणि तोही भांबुर्ड्याच्या गावठाणापासून वरच्या अंगाला होता. ज्या शहराकडे साम्राज्याचा कारभार होता त्याच्या दारासमोर नांगर चालत होते, ते या नदीमुळे.

भांबुर्ड्याच्या शिवारातली सर्वांत जुनी वास्तू मात्र पेशवाईपेक्षा हजार वर्षांनी थोर आहे. जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वराची लेणी आठव्या शतकातली, राष्ट्रकूट काळातली मानली जातात. याच काळात, इ. स. ७५८ आणि ७६८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत पुणे परिसराचा ‘पुण्यविषय’ आणि ‘पूनकविषय’ असा उल्लेख येतो. विषय म्हणजे त्या वेळचा प्रशासकीय विभाग. पाताळेश्वर डोंगराच्या कड्यात कोरलेले नाही. सपाट जमिनीतल्या खडकात खाली उतरत जाऊन ते खोदले आहे, म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्याला आतल्या विस्ताराचा अंदाज येत नाही. अंगणात एकाच खडकातून घडवलेला गोल नंदीमंडप, त्याच्यावर छत्रीसारखे सपाट छत, आणि मागे जाड चौकोनी खांबांचा सभामंडप. काम अर्धवट राहिलेले आहे; घडवायचे सोडलेले भाग आजही ओळखू येतात. पाताळेश्वराला लागूनच जंगली महाराजांची समाधी आहे. १८९० मध्ये त्यांनी देह ठेवला आणि पुढे या भागातला प्रमुख रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

गावाचा कारभार इतर देशावरच्या गावांसारखाच. पाटीलकी शिरोळे घराण्याकडे, ग्रामदैवत रोकडोबा, बलुतेदारांची घरे गावठाणात आणि महारवाडा वेशीबाहेर. शेजारी राजधानी असल्याने गावाला थोडे वेगळे रंगही चढले. जुना तोफखाना या वस्तीचे नाव आजही शिवाजीनगरात टिकून आहे. संगमाजवळ इंग्रजांची रेसिडेन्सी होती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी तिथला रेसिडेंट एल्फिन्स्टन मुळा ओलांडून खडकीच्या छावणीत गेला, मराठी फौजांनी रेसिडेन्सीला आग लावली, आणि त्याच दिवशी बापू गोखल्यांच्या सैन्याची व इंग्रजांची गाठ गणेशखिंड व खडकीच्या दरम्यानच्या माळावर पडली. दोन आठवड्यांच्या आत शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ज्या युद्धात पेशवाई बुडाली त्याची पहिली मोठी लढाई या गावाच्या उत्तरेच्या माळावर झाली, ही गोष्ट शिवाजीनगरात राहणाऱ्यांनाही बहुधा सांगावी लागते.

इंग्रजी अमलात भांबुर्ड्याच्या जमिनीला नवे मोल आले. १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची रेल्वे धावू लागली आणि तिचा मार्ग भांबुर्ड्याच्या शिवारातून गेला. पुढे इथे जे स्थानक झाले त्याचे नावही भांबुर्डेच होते. रेल्वेने शिवाराचे दोन भाग केले. १८६५ मध्ये संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इमारतीची पायाभरणी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते झाली. त्याच दशकात गणेशखिंडीत गव्हर्नरांचा पावसाळी निवास बांधायला सुरुवात झाली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले ते याच इमारतीत. गव्हर्नरांच्या निवासामुळे भांबुर्ड्यातून जाणारा गणेशखिंड रस्ता सरकारी रहदारीचा रस्ता बनला. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली ती याच रस्त्यावर.

शिक्षणसंस्थांनीही नदी ओलांडली. १८८५ मध्ये शहरात सुरू झालेले फर्ग्युसन महाविद्यालय १८९५ मध्ये हनुमान टेकडीच्या पायथ्याशी आजच्या जागी आले. १९०७ नंतर शेतकी महाविद्यालय स्वतंत्रपणे उभे राहिले आणि त्याने शिवाराचा मोठा पट्टा घेतला. या संस्थांना हवी होती सलग, मोकळी, स्वस्त आणि तरीही शहराजवळची जमीन. पेठांत ती मिळणे शक्य नव्हते, भांबुर्ड्यात मिळाली. शेतकी महाविद्यालयाच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून नोंदवण्यासारखी आहे. गावची शेती गेली, पण या महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर पेरणी-काढणी चालूच राहिली. शिवाजीनगरच्या मध्यभागी आज जी मोठी शेतजमीन उरली आहे ती गावकऱ्यांची नाही, महाविद्यालयाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराला पलीकडच्या काठाची ओढ लागण्याचे आणखी एक कारण म्हणजे प्लेग. १८९६-९७ पासून पुढची अनेक वर्षे साथ परत परत येत राहिली. पेठांतली दाट वस्ती, अंधारी घरे, कोंदट बोळ यांची भीती लोकांच्या मनात बसली आणि ऐपत असलेली कुटुंबे उघड्या हवेत बंगला बांधण्याचा विचार करू लागली. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना या क्रीडासंस्थेची स्थापना झाली आणि पुढे तिच्या आसपास एरंडवणे-भांबुर्ड्याच्या हद्दीवर वसाहत वाढली. मात्र घरे बांधायची इच्छा असून भागत नव्हते. शेतांना बांध होते, वाटा वाकड्यातिकड्या होत्या, एकेका गटाचे अनेक वाटेकरी होते. शेत जसेच्या तसे विकून त्यावर घर बांधले असते तर नदीपलीकडे दुसरी कसबा पेठच तयार झाली असती.

ही अडचण सोडवली ती १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने. भांबुर्ड्याच्या इतिहासातली सर्वांत निर्णायक घटना कोणती असे विचारले तर उत्तर लढाई नाही, रेल्वे नाही. या कायद्याखाली झालेली नगररचना योजना हेच द्यावे लागेल. तिची रीत अशी. ठरावीक क्षेत्रातली सगळ्या मालकांची जमीन कागदावर एकत्र धरायची. तिच्यातून रस्ते, मोकळ्या जागा, सार्वजनिक इमारती यांच्यासाठी जागा वजा करायची. उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे, रस्त्याला लागून असलेले भूखंड पाडायचे आणि ते मूळ मालकांना त्यांच्या जमिनीच्या प्रमाणात परत द्यायचे. जुन्या शेताला ‘मूळ भूखंड’ आणि नव्या तुकड्याला ‘अंतिम भूखंड’ म्हणत. मालकाचे क्षेत्र घटे, पण किंमत वाढे. त्या वाढीचा काही भाग योजनेच्या खर्चासाठी त्याच्याकडून वसूल केला जाई. म्हणजे रस्त्यासाठी सरकारने शेत हिसकावले असे नाही, आणि मालकाने मनाला येईल तसे विकले असेही नाही.

योजनेचा परिणाम आज नकाशा उघडला की दिसतो. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता जवळपास समांतर जातात, त्यांना जोडणाऱ्या आडव्या गल्ल्या सरळ आहेत, मॉडेल कॉलनीत बंगल्यांभोवती सावली आणि रुंद रस्ते आहेत. शुक्रवार किंवा बुधवार पेठेतून इकडे आलेल्या माणसाला रस्ता शोधायला वेळ लागत नाही. या भागाच्या मालमत्तेच्या कागदांवर आजही ‘अंतिम भूखंड क्रमांक’ आणि ‘मौजे भांबुर्डे’ असे लिहिलेले असते. शिवाजीनगरातला सदनिकाधारक दस्तनोंदणीला जातो तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो भांबुर्डे गावातली जागा घेत असतो.

योजनेने एक जागा मात्र फारशी हलवली नाही, ती म्हणजे गावठाण. तिथे आधीच घरे होती, भिंतीला भिंत लागलेली होती, तुकडे लहान होते. परिणामी गाव जिथे मूळचे होते तिथेच ते जुन्या रूपात उरले आणि ज्या शेतांवर ते जगत होते तिथे शहर आले. शिवाजीनगर गावठाणातल्या अरुंद गल्ल्या, रोकडोबाचे देऊळ, जुन्या घरांच्या जागी तेवढ्याच रुंदीवर चढवलेले मजले हे सारे दोन आखीव वस्त्यांच्या मध्ये सापडते. यात गावकऱ्यांचा तोटा झाला की फायदा, याचे एकच उत्तर नाही. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांना भूखंडांचे मोल मिळाले आणि शहराच्या राजकारणात वजनही मिळाले. ज्यांचे पोट गावच्या शेतीवर आणि बलुत्यावर होते पण जमीन नावावर नव्हती, त्यांच्या हाती अंतिम भूखंड आला नाही. योजनेच्या हिशेबात मालक होता. कुळ, मजूर आणि बलुतेदार नव्हते. ही या रीतीची मोठीच उणीव होती, आणि आजच्या योजनांतही ती पूर्ण गेलेली नाही. पुढे स्वातंत्र्यानंतर कनिष्ठ गावकामगार वतने आणि १९६२ च्या कायद्याने पाटीलकीची वतने रद्द झाली, तेव्हा गावाच्या जुन्या रचनेचा कायदेशीर आधारही संपला.

नदीवरचा अडथळा १९२३ मध्ये दूर झाला. शनिवारवाड्याजवळून थेट भांबुर्ड्यात उतरणारा दगडी पूल त्या वर्षी खुला झाला. मुंबईचे गव्हर्नर लॉईड यांचे नाव त्याला दिले होते, पुणेकरांनी त्याला ‘नवा पूल’ म्हटले, आणि आता तो छत्रपती शिवाजी पूल आहे. लकडी पुलाचा वळसा वाचला. बाजारपेठ आणि नवी वसाहत समोरासमोर आल्या. कायदा, योजना आणि पूल यांची जोड मिळाली, म्हणून भांबुर्ड्याचे रूपांतर इतक्या वेगाने झाले.

नाव बदलले तेही याच काळाच्या ओघात. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पुढाकाराने पुण्यात छत्रपती शिवाजी महाराजांचे स्मारक उभारायचे ठरले आणि जागा निवडली ती भांबुर्ड्याची. नोव्हेंबर १९२१ मध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते पायाभरणी झाली. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांनी घडवलेला भव्य अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला, आणि १९३२ मध्ये तिथेच श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल सुरू झाले. स्मारकामुळे हा भाग शिवाजीनगर म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे स्थानकाचे नावही बदलले. १९२८ मध्येच हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून इथे आले. त्याच्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, आणि रिक्षावाल्याला तेवढेच सांगितले तरी तो बरोबर चौकात आणून सोडतो. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस भवनावर तिरंगा फडकवताना नारायण दाभाडे हा कोवळा मुलगा पोलिसांच्या गोळीने मारला गेला; ते भवनही नदीच्या या काठावरच आहे.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका स्थापन झाली आणि शिवाजीनगर तिचा मध्यवर्ती भाग बनले. महापालिकेची इमारतही मुठेच्या डाव्या तीरावर, जुन्या भांबुर्ड्यातच उभी राहिली. अकरा वर्षांनी, १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, आणि मुठेच्या दोन्ही काठांवरच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पुलांवरून पाणी वाहिले. घर गेलेल्या हजारो कुटुंबांना कुठे वसवायचे हा प्रश्न आला तेव्हा शहराने पुन्हा भांबुर्ड्याच्या उरलेल्या जमिनीकडे पाहिले. वेताळ टेकडीच्या पायथ्याशी गोखलेनगरची वसाहत पूरग्रस्तांसाठी झाली. तिच्या आसपास जनवाडी, वडारवाडी अशा कष्टकऱ्यांच्या वस्त्या दाट झाल्या. अशा रीतीने नदीकाठची सुपीक जमीन आधी बंगल्यांना आणि संस्थांना गेली, आणि पायथ्याची मुरमाड जमीन नंतर विस्थापितांना व गरिबांना. जमिनीचा कस आणि राहणाऱ्याची ऐपत यांचा हा मेळ योगायोगाने बसलेला नाही; जी जमीन आधी मोलाची होती तिलाच आधी गिऱ्हाईक मिळाले.

१९६८ मध्ये संभाजी उद्यानाशेजारी बालगंधर्व रंगमंदिर सुरू झाले आणि पुण्याच्या नाटकांचे केंद्र नदीच्या अलीकडून पलीकडे गेले. १९७० च्या दशकात जंगली महाराज रस्ता नव्याने बांधला, तो कितीतरी पावसाळे खड्ड्यांविना टिकला आणि चांगल्या रस्त्याचा दाखला म्हणून पुणेकर अजून त्याचेच नाव घेतात. बंगल्यांची जागा हळूहळू सदनिका, दुकाने आणि कार्यालयांनी घेतली. १ ऑगस्ट २०२३ पासून शिवाजीनगरच्या जमिनीखालून मेट्रो धावते आणि जिल्हा न्यायालयाजवळ तिच्या दोन मार्गिका एकमेकींना छेदतात. तिच्या बांधकामासाठी शिवाजीनगरचे एसटी स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले होते.

शेतकी महाविद्यालयाचे प्रक्षेत्र सोडले तर शिवाराचा एकच मोठा भाग अजून बांधकामाविना राहिला आहे : पश्चिमेच्या टेकड्या. वेताळ टेकडीवरच्या राखीव वनाला वनखाते भांबुर्डे वन म्हणूनच ओळखते. तिथे मोर आहेत, गवताळ उतार आहेत, दगडाच्या जुन्या खाणी आहेत. पावसाचे पाणी याच टेकड्या धरून ठेवतात आणि शहराखालचे झरे जिवंत राखतात. टेकडी फोडून रस्ता आणि बोगदे काढण्याचे प्रस्ताव वेळोवेळी पुढे आले आणि नागरिकांनी त्यांना जोरदार विरोध केला. हा विरोध रास्त आहे. शेते गेली तेव्हा त्यांच्या बदल्यात रस्ते, बागा आणि शाळा मिळाल्या. टेकडी गेली तर तिच्या बदल्यात देण्याजोगे शहराकडे काही नाही.

भांबुर्ड्यानंतर पुण्याने गावे घेण्याचा वेग वाढत गेला. १९९७ मध्ये हद्दीत अनेक गावे आली आणि त्यांतली काही पुढे वगळली गेली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आल्यावर महापालिकेचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. या नव्या गावांत आणि भांबुर्ड्यात एक मूलभूत फरक आहे. भांबुर्ड्यात आधी रस्ते आखले आणि मग घरे आली. आंबेगाव, धायरी, उंड्री यांसारख्या गावांत आधी गुंठ्या-गुंठ्याने शेते विकली गेली, बांधावरून इमारती उठल्या, आणि गाव महापालिकेत आल्यावर त्या इमारतींच्या मधून रस्ता कसा काढायचा याचा विचार सुरू झाला. सांडपाण्याच्या वाहिन्या, पिण्याचे पाणी, शाळेची जागा यांची तीच कथा. उरुळी देवाची आणि फुरसुंगी इथे भांबुर्ड्यासारख्याच नगररचना योजना आखण्यात आल्या, पण ही दोन्ही गावे कर आणि सोयींच्या वादातून २०२४ मध्ये महापालिकेतून बाहेर पडली आणि त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. उरलेल्या गावांसाठी विकास आराखड्यांचे आणि नगररचना योजनांचे काम चालू आहे, आणि १९१५ च्या कायद्याची मूळ रीत, जमीन एकत्र धरून भूखंड परत देण्याची, आजच्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही कायम आहे.